सोमवारचा फळा

"बाई, हे वाचा आणि मला सांगा, खरं की खोटं," असं म्हणून शाळाचालक पालासिओससाहेबांनी एक फॉर्म टेबलावरून ओदिलियाकडे सरकवला आणि स्वतः चष्मा पुसत बसले.

शुक्रवार होता. दहाची सुट्टी नुकतीच झाली होती आणि अंगणात मास्तर मंडळी आपापल्या विद्यार्थ्यांबरोबर कॉफी पीत उभी होती. दर शुक्रवारी प्रत्येक विद्यार्थी असा फॉर्म भरून ऑफिसात देतो. शिक्षक कसा वाटला, घरमालकीण जेवायला काय घालते, अंघोळीला गरम पाणी येतं का, अशा चौकशा त्यात असतात. शेला गावात परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळा गल्लोगल्ली आहेत आणि त्यांतल्या या एका शाळेत ओदिलिया चोहोलान एकोणीस वर्षं शिकवत होती. तिच्याबद्दलचे फॉर्म कायम चांगलेच येत, म्हणून तिने तो निवांत हातात घेतला.

अक्षर तिची सध्याची विद्यार्थिनी हेन्नी हिचं होतं, मोठं आणि गोल. 'सर्वांत आवडलेली गोष्ट' या प्रश्नापुढे तिने शब्दकोशात बघून बघून लिहिलं होतं: 'मी ओदिलियाच्या घरी गेले. तिच्या आईने मला पाचे करायला शिकवले. ओदिलिया आता माझी शिक्षिका नाही, मैत्रीण आहे.'

ओदिलियाने फॉर्म टेबलावर परत ठेवला. ती म्हणाली, "खरं आहे."

"नियम माहीत आहे ना?"

नियम कोणाला माहीत नव्हता? शिक्षकाने विद्यार्थ्याला घरी न्यायचं नाही, त्याच्या घरी जायचं नाही, शाळेबाहेर एका टेबलावर बसून जेवायचं नाही. का, तर मास्तर लोक विद्यार्थी फोडतात आणि घरी शिकवण्या घेतात. आणि ज्या भिंतीला पाठ लावून साहेब हा नियम सांगत होते, त्याच भिंतीवर हातभर लांबीचं पोस्टर होतं: 'इथे शिक्षक भेटत नाहीत, मित्र भेटतात.' पोस्टरवर फोटो ओदिलियाचाच होता. लाल-जांभळ्या नक्षीचा तिचा सणाचा झगा त्या दिवशी साहेबांनी मुद्दाम घालून यायला सांगितला होता. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात ते काही खोटं नाही. मैत्री काचेच्या कपाटात मांडायची होती, कुणी खरोखर हात लावला की आरडाओरडा.

पाच्यांचंही तसंच होतं. गुरुवार हा सगळ्या गावाचा पाच्यांचा वार. बटाटे उकडून, घोटून, लाल मिरचीचं वाटण घालून, पानात बांधून वाफवायचे. शाळेच्या पत्रकात 'गुरुवारी घरगुती पाचे शिका' असा कार्यक्रम असे आणि तो साहेबांच्या मेहुणीच्या फरशी लावलेल्या स्वयंपाकघरात होई. मेहुणीबाई बाजारातून घोटलेलं पीठ आयतं आणत. विद्यार्थ्यांनी फक्त पानं दुमडायची आणि फोटो काढायचे. हेन्नीने तिथे भाबडेपणाने विचारलं की एवढ्या पिठाला बटाटे किती लागतात. मेहुणीबाई म्हणाल्या, "लागतात तेवढे घ्यायचे." हेन्नी काही तेवढ्यावर गप्प बसणारी नव्हती. चाळीस वर्षं रॉटरडॅममध्ये ट्राम चालवलेली बाई ती, तिला वेळ आणि माप चोख लागे. दुसऱ्या दिवशी तिने तोच प्रश्न ओदिलियाला विचारला आणि ओदिलियाच्या तोंडून निघून गेलं, "ते माझ्या आईला विचारायला हवं."

निघून गेलं, पण चुकून गेलं नव्हतं. चार आठवडे, रोज पाच तास, एका हातभर टेबलाच्या अल्याड-पल्याड दोन बायका बसल्या तर बोलणार काय? पहिल्या आठवड्यात भाज्यांची नावं होतात आणि दुसऱ्यात नातेवाइकांची. तिसऱ्या आठवड्यात माणूस खरं बोलायला लागतो, कारण खोटं रचायला लागणारे शब्द अजून आलेले नसतात. तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी हेन्नीने सांगितलं की एकदा तिच्या ट्रामखाली एक माणूस आला होता. तो स्वतःहून आला, तिचा काही दोष नव्हता, सगळ्यांनी तसंच सांगितलं. नवऱ्याजवळसुद्धा तिने तो विषय कधी काढला नव्हता. आपल्या भाषेत जे तीस वर्षं बोलता आलं नाही, ते तिने या परक्या भाषेत, मोजक्या शंभर शब्दांत सांगितलं आणि मग कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून बसून राहिली.

ओदिलियाने त्या दिवशी एकही चूक सुधारली नाही. उलट तिने आपलं सांगितलं. तीही जन्माने स्पॅनिश बोलणारी नव्हती. घरात किचे, तिथल्या मूळच्या लोकांची भाषा. आठ वर्षांची असताना शाळेत गेली तेव्हा पाणी प्यायला जाऊ का एवढंही तिला स्पॅनिशमध्ये विचारता येत नव्हतं, आणि किचेत विचारलं म्हणून बाईंनी पट्टीने बोटं सुजवली होती. म्हणूनच तिला कळे की नवशिक्याची जीभ नेमकी कुठे अडते. आणि म्हणूनच, हेही खरं, साहेब तिला एकोणीस वर्षं फक्त नवशिकेच देत आले. वरच्या वर्गांना म्हणे 'शुद्ध' भाषा लागते. पोस्टरवर मात्र ती चालत होती.

तर हेन्नी एका गुरुवारी सान मातेओ गावी तिच्या घरी आली. आई तिच्याशी किचेत बोलली, हेन्नी डच भाषेत बोलली आणि दोघींचं काही अडलं नाही. आईने तिला बुटक्या स्टुलावर बसवून बटाटे घोटायला लावले, नीट घोटले नाहीत म्हणून हातावर चापट मारली आणि निघताना 'माझी उंच लेक' म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवला. एवढाच काय तो गुन्हा.

"मी तिच्याकडून काही घेतलेलं नाही, साहेब," ओदिलिया म्हणाली.

"असं सगळेच म्हणतात." साहेबांनी खणातून टाइप केलेला एक कागद काढला. आधीच तयार होता. ओदिलिया चोहोलान हिने स्वतःच्या फायद्यासाठी विद्यार्थिनीला घरी नेलं, शाळेचा विश्वासघात केला, तिला पश्चात्ताप होत आहे. खाली सहीची रेघ. "सही करा. चार आठवडे फळ्यावर तुमच्यासमोर विद्यार्थी नसेल, मग पुढे बघू. सही नाही केली तर नावच नसेल. तुमची इतकी वर्षं झालीत म्हणून मी नरमाईने घेतोय."

सोमवारचा फळा म्हणजे या शाळेतला देव. सकाळी आठच्या आधी साहेब स्वतः खडूने लिहीत: डावीकडे शिक्षकाचं नाव, उजवीकडे विद्यार्थ्याचं. ज्याच्या उजवीकडे कुणी नाही त्याने गुपचूप घरी जायचं. मंदीच्या दिवसांत ओदिलिया कितीदा तशी गेली होती. पण डावीकडे नाव होतं, आणि त्या नावावर घर उभं होतं. नवरा उत्तरेला अमेरिकेत कमवायला गेला तो गेलाच. थोरल्या मुलीचं नर्सिंग याच नावावर झालं होतं आणि धाकटीचं दोन वर्षांचं राहिलं होतं.

"आणखी एक," साहेब म्हणाले. "दुपारी निरोपसमारंभात ती भाषण वाचेल. त्यात हे घराचं, आईचं काही असेल तर काढून टाका. बाकीच्या विद्यार्थ्यांनी ऐकलं तर सगळेच मास्तरांची घरं विचारत सुटतील. भाषण तुम्हीच तपासताय ना?"

"मीच तपासते."

"आणि हो, तिने शाळेला तुमचा एक फोटो पाठवलाय, पिठात हात घातलेला. फार छान आलाय. तो आम्ही वेबसाइटवर टाकलाय."

ओदिलियाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "घरी नेलं म्हणून काढताय आणि घरचा फोटो लावताय?"

"फोटो विद्यार्थिनीने दिलाय. तो शाळेचा झाला," साहेब म्हणाले आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

ती बाहेर आली. शेजारच्या टेबलाचे एलिसेओ मास्तर खांबाला टेकून उभे होते. एकोणीस वर्षांचा शेजार. ऑफिसाची खिडकी उघडी होती आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी कपातल्या कॉफीत पाहिलं. ओदिलिया त्यांच्यासमोरून गेली तरी ते कॉफीतच पाहत राहिले.

टेबलावर आईने विणलेलं फडकं अंथरलं होतं, त्यावर भाषणाचा कागद. हेन्नीने तिला पाहताच विचारलं, "मी फॉर्म छान लिहिला? साहेब खूश?"

"छान लिहिलंत," ओदिलिया म्हणाली.

तिला हेन्नीचाही राग आला होता, का लपवा. हे लोक लांबून येतात, त्यांच्या मनात पाप नसतं, आणि खरं लिहायला आपलं काही जात नाही असं त्यांना वाटतं. त्यांचं खरंच काही जात नाही. आत्ता सांगितलं असतं तर हेन्नी ताडताड ऑफिसात गेली असती, टेबलावर मूठ आपटली असती आणि उद्या विमानात बसली असती. इथे राहायचं ओदिलियाला होतं. आणि सांगून काय, बिचारी बाई ट्रामखालच्या त्या माणसाशेजारी आणखी एक ओझं ठेवून घरी गेली असती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि वर आपणच हसत म्हणायचं की छान लिहिलंत.

तिने लाल पेन उघडलं आणि भाषण वाचायला घेतलं. कॉफीबद्दल दोन ओळी, थंडीबद्दल एक. नातवाची दुसरी आजी कोलंबियाची आहे, आता मी तिच्याशी फोनवर बोलणार, अशी एक. आणि मग: 'ओदिलियाच्या आईने माझ्या हातावर मारलं. माझ्या आईनंतर मला कुणी मारलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.'

लाल पेन त्या ओळींवर बराच वेळ थांबलं. हेन्नीने मान पुढे काढली. "चूक? मोठी चूक?"

"एका अक्षरावरची रेघ राहिलीय," ओदिलिया म्हणाली. तिने ती दिली आणि कागद परत केला.

साडेबाराला अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या. त्या आठवड्यात जाणारी एकटी हेन्नीच होती. ती कागद दोन्ही हातांनी धरून मोठ्याने, सावकाश वाचत गेली. आईच्या चापटीपर्यंत आली तसे विद्यार्थी हसले आणि टाळ्या वाजवू लागले. मास्तर मंडळींच्या टाळ्या मात्र मध्येच थांबल्या. अकरा माणसं, अकराजणांनाही नियम पाठ. कुणी बुटाकडे पाहिलं, कुणी पाइनच्या झाडाकडे. साहेब हसत होते, पण मान हलवायची ते विसरले होते.

मग रिवाजाप्रमाणे साहेबांनी प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं, कारण त्यावर शिक्षकाची सही लागते. त्याच्याखाली हळूच तो दुसरा कागद सरकवला. सगळ्यांदेखत, हसत हसत, पेनाचं टोपण काढून त्यांनी ओदिलियाच्या हातात दिलं.

ओदिलियाने प्रमाणपत्रावर पूर्ण नाव लिहिलं. आईचं आडनाव, बापाचं आडनाव, एरवी ती आद्याक्षरांवर भागवी ते सगळं पूर्ण. मग तिने खालचा कागद उचलला, त्याची नीट चार पदरी घडी केली आणि पेनाबरोबर साहेबांच्या हातात परत दिली. हेन्नीला मिठी मारली. हेन्नी रडत होती, आनंदाने रडत होती, आणि ओदिलियाने तिला तसंच रडू दिलं.

सोमवारी पावणेआठला ती शाळेत गेली. जायचं काही कारण नव्हतं. पण न जाणं म्हणजे त्या कागदावर घरबसल्या सही करणं, असं तिला वाटलं. पोस्टरवरचाच झगा घालून गेली.

फळ्यावर अकरा नावं होती. एकोणीस वर्षं तिसऱ्या ओळीत असलेलं नाव नव्हतं, आणि खालच्यांना वर सरकवल्यामुळे तिथे मोकळी जागासुद्धा राहिली नव्हती. मास्तर लोक तिच्याकडे पाहून "सुप्रभात, बाई" म्हणाले आणि आपापल्या वह्या चाळू लागले. एलिसेओ मास्तर गिटारची तार लावत होते. ती तार त्या सकाळी लागता लागेना.

तेवढ्यात एक नवी विद्यार्थिनी, तिशीची अमेरिकन बाई, पाठीवरची पिशवीही न उतरवता सरळ तिच्यापाशी आली. हातात फोन. फोनवर सान मातेओचं स्वयंपाकघर, परातीत कोपरापर्यंत पिठात बुडालेली ओदिलिया, आणि कडेला आईची शाल.

"ही... तुम्ही?" त्या बाईला तेवढेच शब्द येत होते. "मी... इथे आले... फोटो बघून. तुम्ही... माझी शिक्षिका?"

साहेब लगबगीने पुढे झाले. "बाई, जरा हसून नमस्कार करा आणि त्यांना सांगा की आज तुम्ही सुट्टीवर आहात."

ओदिलिया हसली. नवशिक्यांसाठी ती जसं बोलत असे तसं, एकेक शब्द सुटा, ओठ स्पष्ट दिसतील असा, तिने सांगितलं, "हो. फोटोतली बाई मीच. पण मी इथे शिकवत नाही."

त्या बाईला कळलं नाही. ओदिलियाने पुन्हा सांगितलं. तरी कळलं नाही, तेव्हा तिने फोटोकडे बोट केलं, स्वतःच्या छातीला हात लावला, मग टेबलं दाखवली, बोट आडवं हलवलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं. तिची पद्धतच तशी होती. विद्यार्थ्याला कळल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि कळलं की त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं.

"आता तुम्ही म्हणा," ती म्हणाली.

"बाई, पुरे झालं," साहेब म्हणाले.

अमेरिकन बाईने श्वास घेतला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात, नवशिके म्हणतात तसं शब्द शब्द तोडून म्हटलं, "फोटोतली बाई... तुम्ही. पण... तुम्ही... इथे... शिकवत नाही."

"बरोबर," ओदिलिया म्हणाली. "पहिल्याच दिवशी एकही चूक नाही."

अंगणात बाकीचे विद्यार्थी एकमेकांकडे पाहू लागले होते. कुणीतरी ऑफिसाच्या उघड्या खिडकीतून पोस्टर दाखवलं. साहेबांचा चेहरा उतरला, पण तो पाहायला ती थांबली नाही. आपल्या टेबलाशी गेली, आईने विणलेलं फडकं झटकून त्याची घडी केली, खणातली अर्धी खडूची कांडी झग्याच्या पट्ट्यात खोचली आणि फाटकाबाहेर पडली. खडू शाळेचा होता. साहेबांना वाटलं तर आणखी एक कागद टाइप करावा.

गुरुवारी संध्याकाळी आईने दाराबाहेर लाल दिवा लावला. गावात गुरुवारी ज्या दारावर लाल दिवा, तिथे पाचे मिळतात हे कुणाला सांगावं लागत नाही. आईने बुटकं स्टूल पुढे ओढलं होतं. किचेत तिने विचारलं, माझी उंच लेक आज येणार का. ओदिलियाने सांगितलं, ती आपल्या देशी गेली. आई म्हणाली, मग इतक्या लवकर का गेली, तिला अजून घोटायला येत नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक एलिसेओ मास्तर होते. मिनीबसने एवढ्या लांब आले होते, एरवी त्यांच्या गल्लीत तीन लाल दिवे लागत. टोपी हातात घेऊन उभे राहिले. तुमचं टेबल माळ्यावर टाकलं म्हणाले. ती अमेरिकन बाई त्याच दिवशी दुसऱ्या शाळेत गेली म्हणाले. मग हळूच म्हणाले, "आम्ही तरी काय करणार होतो, बाई? पोरंबाळं आहेत सगळ्यांना."

मलाही आहेत, असं ओदिलियाच्या जिभेवर आलं होतं.

"पाचे किती देऊ?" तिने विचारलं.

"चार."

तिने चार पाचे पिशवीत घातले, वरून आई घालते तसा एक जास्तीचा घातला नाही, आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. मास्तर गेले. त्यांची पाठ वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती दारात उभी होती. तिला त्यांची कीव आली नाही. यायला हवी होती असंही तिला वाटलं नाही.

मग तिने सोमवारी आणलेला खडू काढला. दार निळ्या पत्र्याचं होतं, त्यावर खडू चांगला उठत होता. लाल दिव्याच्या खाली, डावीकडे, वळणदार अक्षरात तिने लिहिलं: ओदिलिया चोहोलान, स्पॅनिश. आईने आतून विचारलं, काय लिहितेस. तिने सांगितलं, माझं नाव.

उजवीकडे तिने एक रेघ मारली आणि ती जागा रिकामी ठेवली.